जेवणाऱ्या माणसाची ओळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लॅपटॉपवरच्या शीटमध्ये लोकांची पथ्यं भरणं. रविवार होता, डब्यांना सुट्टी. चहा झालेला. मी खुर्चीवर बसून एकेक घर वाचत होतो, बायको पलंगाच्या कडेला मेथी निवडत सांगत होती, आणि ती सांगेल ते मी टाइप करत होतो. एका बोटाने. दुसरं बोट या कामाला कधी वळलंच नाही.

"मदन महलचे, स्टेशनामागचे," मी म्हटलं. "नवराबायको. कोणाला काय?"

"साहेबांना साखर नाही, भात अर्धा. बाईंना सगळं चालते, वांगं सोडून."

"वांग्याचा रकाना नाही."

"मग बनवा."

"एका बाईच्या वांग्यासाठी रकाना?"

"अहो, तिच्या अंगावर गांध्या उठतात वांग्याने. तुमच्या अंगावर उठल्या असत्या तर आतापर्यंत दोन रकाने बनवून झाले असते."

रकाना बनवला. तिने मेथीची एक जुडी संपवली आणि दुसरी सोडली. असं चाललं होतं. काही विशेष बोलणं झालं असं नाही. लोक नंतर विचारतात, शेवटच्या दिवशी काय बोलल्या? वांग्याबद्दल बोलली, मी सांगतो. लोकांना ते आवडत नाही.

आता हे सगळं काय होतं ते सांगतो.

मी कारखान्यात लेथवर होतो, जबलपूरच्या खमरियाला. शिक्षण आठवीपर्यंत, तेही ढकलत. रिटायर झालो तेव्हा क्वार्टर सोडलं आणि मदन महलच्या बाजूला दोन खोल्यांचं घर घेतलं. तिथे हिने डबे सुरू केले. कोणाचे, तर आमच्याचसारख्या म्हाताऱ्यांचे. जबलपूरला मराठी घरं पुष्कळ. कोणी कारखान्यातले, कोणी रेल्वेतले, कोणी मास्तर. पोरं शिकली आणि पुण्याला, बंगलोरला गेली. आईबाप इथेच. नर्मदा मैया सोडवत नाही म्हणतात. खरं म्हणजे तिकडे दहाव्या मजल्यावर दिवसभर सुनेसमोर बसवत नाही. पण इथे राहायचं तर स्वयंपाक कोण करणार? गुडघे गेलेले, आणि प्रत्येकाला काही ना काही पथ्य. कोणाला साखर नाही, कोणाला तेल नाही, कोणाला मीठ नाही. पथ्याचा डबा जबलपुरात कोणी देत नव्हतं. ही देऊ लागली.

ती शिजवायची. शेजारची भाभी पोळ्या लाटायला यायची. भाभी इकडचीच, हिंदी बोलणारी, पण वीस घरच्या पोळ्या लाटून तिला मराठी सगळं समजायचं. डबे भरणं, त्यांवर चिठ्ठी चिकटवणं आणि ऑटोवाल्याच्या हवाली करणं माझ्याकडे. कोणाला काय, ते सगळं हिच्या डोक्यात. मी विचारायचं नाही. ती बोटाने डबा दाखवायची, मी त्यात अळणी वरण ओतायचो. कारखान्यात चाळीस वर्षं फोरमनच्या बोटाकडे पाहून काम केलं, मला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

मग घरं वाढली. पुण्याहून पोरांचे फोन येऊ लागले: उद्यापासून बाबांचा भात बंद करा, आई चार दिवस मावशीकडे आहे, डबा एकच पाठवा. ही पोळी तव्यावर टाकून फोन घ्यायची आणि पोळी जाळायची. आमची मुलगी नागपूरला एका ऑफिसात आहे. तिच्या ऑफिसात गिऱ्हाइकांची सगळी माहिती ठेवायचं एक सॉफ्टवेअर आहे. ती त्याला सीआरएम म्हणते. तसलंच एक फुकटातलं तिने आम्हाला लावून दिलं, तिच्या जुन्या लॅपटॉपवर. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, पत्ता, पथ्य. सकाळी रिपोर्ट उघडायचा, फिल्टरमध्ये 'अळणी' निवडायचं, की अळणीवाल्यांची यादी समोर. ती पाहून मी चिठ्ठ्या लिहायच्या.

"झालं, बाबा," मुलगी म्हणाली. "आता आईला विचारायची गरज नाही."

"तिला विचारलंच कोणी?" मी म्हटलं.

बरेच महिने ते छान चाललं असं आम्हाला वाटत होतं. चाललेलं नव्हतंच. रिपोर्ट चुकत होता आणि डबे बरोबर जात होते, कारण ही रिपोर्टकडे पाहतच नव्हती. मी लावलेली चिठ्ठी ती येताजाता काढायची, दुसऱ्या डब्यावर लावायची. मला वाटायचं, तिला हात लावायची खोड आहे.

उघडं पडलं ते तिला ताप आला तेव्हा. आत पलंगावरून ती भाभीला सांगत होती, भाभी शिजवत होती, आणि डबे मी एकट्याने भरले, रिपोर्ट पाहून. खमरियाची पिशवी भरून दाराशी ठेवली. ऑटो यायचा होता. ही भिंत धरून बाहेर आली, पाणी प्यायला. पिशवीत वाकून पाहिलं आणि एक डबा बाहेर काढला.

"यात कोणतं वरण आहे?"

"साधं. शुगरचा डबा आहे तो."

"हा बाईंचा आहे. बाईंना मीठ नाही. काहून भरलं?"

"रिपोर्टमध्ये शुगर लिहिलंय."

"मग रिपोर्टला सांगा, त्यांना दवाखान्यात तूच घेऊन जा."

त्या बाईंच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मीठ पोटात गेलं की तहान लागते, पाणी पितात, ते पाणी बाहेर निघत नाही आणि छातीत भरतं. एकदा तसं होऊन बाई मरता मरता वाचलेल्या, हे मला माहीत होतं. त्यांचे यजमान माझ्याच कारखान्यातले, दुसऱ्या शॉपमधले, म्हणजे विभागातले. शुगर त्यांना. बाईंना नाही. पण रिपोर्टमध्ये दोन्ही डबे शुगरचे.

संध्याकाळी मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिने तिकडून ते सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. मग म्हणाली, "आई, तू नवीन घर घेतेस तेव्हा फोन कोणाचा येतो?"

"मुलाचा. नाहीतर त्यांच्या वडलांचा."

"आणि पथ्य विचारलं की कोणाचं सांगतात?"

"वडलांचं."

"आणि आईचं?"

"आईचं कोणी सांगत नाही. ते मी नंतर बाईंनाच विचारते. पहिला डबा गेला की मी दुपारी फोन करते. तेव्हा साहेब झोपलेले राहतात."

"आणि ते लिहितेस कुठे?"

"लिहायचं काय त्यात? लक्षात राहते."

तर घोळ असा होता. सॉफ्टवेअरला गिऱ्हाईक एकच ठाऊक, आणि एका गिऱ्हाइकाला पथ्य एकच. आमच्या लोकांत घर पुरुषाच्या नावावर, फोन त्याचा, पथ्यही त्याचंच. बायको त्यात धरलेली. त्यामुळे 'अळणी' निवडलं की जिथे पुरुषाला मीठ बंद तेवढीच घरं येत. जिथे बाईला मीठ बंद, ती घरं येतच नसत. त्या दिवसभर मी फिल्टर बिघडला बिघडला म्हणत होतो. फिल्टर बिचारा आत जे होतं तेच गाळत होता.

मुलीने दोन-तीन दिवस खटपट केली. त्यातच बाईंसाठी दुसरा रकाना काढला, पण रिपोर्ट दोन रकान्यांतून एकदम शोधेना. तसं करायचं तर पैसे भरून वरचा प्लॅन घ्यावा लागतो म्हणाली. शेवटी म्हणाली, "बाबा, सोडा. सगळी माहिती फाइलमध्ये बाहेर काढू आणि साध्या शीटमध्ये घेऊ. तिथे आपण घराची ओळ करायची नाही. जेवणाऱ्या माणसाची ओळ करायची. दोन जेवणारे, दोन ओळी. मग फिल्टर बरोबर चालेल."

"आणि एकाच घरात तिघं असले?"

"तीन ओळी, बाबा."

"अच्छा."

फाइल बाहेर काढली. मी तिच्यावर दोनदा क्लिक करून उघडली, तर मराठी नावांच्या जागी चौकोन आणि भलतीच अक्षरं. फोन नंबर तर सगळे मोडलेले, मधे टिंब, शेवटी ई आणि अधिकचं चिन्ह. मला वाटलं, गेलं सगळं.

"तुम्ही उघडली का डायरेक्ट?" मुलगी म्हणाली. "उघडायची नाही. आधी कोरी शीट घ्या, मग इम्पोर्ट करा. ती विचारेल कोणती लिपी, तिथे मी सांगते ते निवडा. आणि फोनचा रकाना मजकूर म्हणून घ्या, आकडा म्हणून नाही."

"फोन नंबर आकडा नाही तर काय आहे?"

"बाबा, त्याची बेरीज करायची आहे का तुम्हाला?"

ही आतून हसली. ताप उतरलेला होता.

इम्पोर्ट झालं. नावं नावांसारखी दिसू लागली. मग मी प्रत्येक घराखाली एक ओळ घुसवली, जिथे दोघं होते तिथे. आणि माझ्या मनाने आणखी एक केलं. मदन महलची घरं संपली तिथे एक ओळ कोरी सोडली, मग खमरियाची घरं. कागदावर सोडतो तशी, म्हणजे दोन पिशव्या वेगळ्या दिसतील. फिल्टर लावला तर खमरिया गायब. एकही अळणी नाही, एकही शुगर नाही, जणू तिकडे कोणी जेवतच नाही. दोन संध्याकाळी आम्ही त्यात घालवल्या. मुलगी तिकडून विचारून राहिली, हे केलं का, ते केलं का. शेवटी फोनवर फोटो मागवला.

"बाबा, मधे कोरी ओळ काहून आहे?"

"बरी दिसते म्हणून."

"काढा. फिल्टर कोऱ्या ओळीपर्यंतच पाहतो. त्याला वाटते, संपलं."

ही म्हणाली, "तुमच्यासारखाच आहे. समोर ठेवलेलं दिसलं नाही की घरातच नाही."

ओळ काढली, खमरिया परत आला. आता फक्त पथ्यं भरायची राहिली, बायकांची, जी कुठेच लिहिलेली नव्हती. त्यासाठी तो रविवार.

मदन महलची सगळी घरं झाली. खमरियाचं पहिलं घर त्या डायलिसिसवाल्या बाईंचं, ते झालं. पुढचं वाचलं तर ती म्हणाली, "थांबा, जरा पाठ टेकते. राहिलेली संध्याकाळी सांगते." मेथीचं ताट पलंगाखाली सरकवलं आणि तिथेच आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. मी शीट सेव्ह केली आणि बाहेर जाऊन नळाखाली डबे घासत बसलो. ते रविवारी माझंच काम. आत आलो तेव्हा तिला हाक मारली. मग हात लावला.

गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी हृदय म्हटलं. मी विचारलं नाही आणखी काही. मुलगी आणि जावई नागपूरहून गाडीने निघाले, रस्ता चांगला आहे, दिवस असतानाच पोचले. नर्मदेवर ग्वारीघाटाच्या बाजूला नेलं. तिकडचं मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

घरी आल्यावर आंघोळी झाल्या. माझा धाकटा भाऊ अधारतालला राहतो, त्याच्या घरून पिठलंभात आला. घरात चूल पेटवायची नाही. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. थोड्या वेळाने तिने फोन हातात घेतला.

"बाबा, सगळ्यांना मेसेज टाकते. डबे तेरा दिवस बंद."

"टाक," मी म्हटलं.

भाभी दारात बसली होती. आत येत नव्हती, बाहेरच पायरीवर. ती म्हणाली, "बंद कर दोगे तो वो लोग खाएँगे क्या? खमरिया वाली अम्मा का कल डायलिसिस है. सुबह जाती हैं, शाम को लौटती हैं. भाईसाब से तो चाय भी नहीं बनती."

"भाभी, सुतक आहे," मुलगी म्हणाली. "या घरचं अन्न कोणी घेणार नाही. आणि घेऊही नये."

"सूतक तुम्हारे घर में है, बिटिया. मेरे घर में तो नहीं. मैं अपने चूल्हे पर बना दूँगी. दीदी ने इतने साल हाथ पकड़ के सिखाया है." मग माझ्याकडे पाहिलं. "बस, किसका क्या है, वो मुझे नहीं मालूम. दीदी उँगली दिखाती थीं."

मला हे ठाऊक होतं. बोट मलाही तेच दाखवत होतं.

सुतकात मी डब्याला हात लावायचा नाही. भाभीच्या घरात जायचं नाही. म्हणजे भरणारही तीच, चिकटवणारही तीच, आणि तिला सांगायला एवढी शीटच. शीटमध्ये मदन महल पूर्ण होता. खमरियाच्या बायकांचे रकाने, पहिल्या घराखेरीज, सगळे कोरे. फिल्टरमध्ये 'अळणी' लावलं की कोरा रकाना येत नाही. त्याला कोरा म्हणजे मीठ चालतं. पण खमरियाच्या पिशवीत अळणी डबे तीन-चार तरी असायचे, एवढं मी रोज ओतत होतो म्हणून मला पक्कं माहीत. एक त्या बाईंचा. बाकीचे कोणाचे?

मुलगी म्हणाली, "बाबा, जाऊ द्या नं. एका दिवसाने कोणी मरत नाही."

ती हे बोलली आणि मग तिने तोंडावर ओढणी धरली. दमली होती, पोर.

"मेसेज टाकू नको," मी म्हटलं. "सकाळी पाहू."

सकाळी सगळे झोपलेले होते. उजाडलं होतं, शेजारी भाभीच्या कुकरच्या शिट्या सुरू झाल्या होत्या. मी लॅपटॉप उचलून पुढच्या खोलीत आणला आणि खिडकीजवळ बसलो. धाकटा भाऊ रात्री इथेच थांबला होता. तो उठून आला, मला पाहिलं.

"दादा, वहिनीला जाऊन रात्र झाली फक्त. तू हिशोब करून राहिला?"

"हिशोब नाही. मीठ आहे."

"काय?"

"तू चहा बाहेरून घेऊन ये. आपल्या घरी बनवायचा नाही."

तो गेला. मी खमरियाच्या दुसऱ्या घरी फोन लावला. यजमानांनी उचलला. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं.

"डबेवाला बोलतो. आज भाजी वेगळ्या हाताची आहे, म्हणून विचारतो. तुमच्या घरी बाईंना मीठ चालतं का?"

"आमच्या हिला? तिला काय धाड भरली आहे. तिला सगळं चालते."

"त्यांनाच द्या फोन."

"अरे, मी सांगून राहिलो नं."

"त्यांच्या पोटात जाणार आहे. त्यांनाच द्या."

पुटपुटत दिला. बाईंचा आवाज अगदी हळू. "मी आतल्या खोलीत येते, थांबा," म्हणाल्या. दार लागल्याचं ऐकू आलं. "मला बीपीचं औषध आहे हो. अळणीच पाठवा. तुमच्या बाईंना सगळं माहीत आहे. यांना सांगितलेलं नाही. यांना सांगितलं की हे मुलाला सांगतात, आणि मुलगा म्हणतो, घर विका नि इकडे या. बाईंना द्या नं फोन, काही गडबड झाली का?"

"ती काल गेली," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "कुठे?"

"वारली. हार्ट."

"अहो, मग तुम्ही डब्याचं काय विचारता?"

"डबा शेजारच्या घरून येतोय, आमच्या घरून नाही. तुम्ही अळणी म्हटलं, ते मी लिहिलं. ठेवतो."

त्या आणखी बोलत होत्या, मी ठेवला. शीटमध्ये त्यांच्या ओळीत 'अळणी' लिहिलं. बायकोने या बायकांच्या दुपारच्या गोष्टी माझ्याजवळ कधी काढल्या नव्हत्या. मीही कधी विचारलं नव्हतं, दुपारी इतका वेळ कोणाशी बोलते म्हणून. मला वाटायचं, बायका बोलतात.

पुढच्या घरी बाईच एकट्या, विधवा. त्यांनी सरळ सांगितलं, मीठ चालतं, तिखट नको, आणि रडायला लागल्या. त्यांना बातमी लागली होती, कोणाकडून तरी. मी 'मीठ, तिखट नको' लिहिलं. त्यानंतरच्या घरी यजमानांनी स्वतःच बाईंना हाक मारली, "अगं, तुला मीठ चालतं का, डबेवाले विचारतात." बाई लांबून ओरडल्या, "विचारलं तरी आज. चालत नाही म्हणावं, वर्ष झालं." यजमान म्हणाले, "च्यायला, मला माहीतच नाही." मी म्हटलं, "मलाही नव्हतं." दोन ओळी भरल्या.

मुलगी उठून दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. माझ्या मागे येऊन तिने स्क्रीन पाहिली.

"खाली आणखी एक घर राहिलंय."

"उचलत नाहीत."

"मी लावते." तिने तिच्या फोनवरून लावला. दोनदा लावला. वाजून वाजून बंद झाला. त्या घरी दोघं, वरच्या मजल्यावर राहतात, फोन खाली विसरतात नेहमी. मला आठवत होतं की त्यांच्या डब्यांपैकी एकात मी अळणी ओततो कधीकधी. का कधीकधी, ते आठवत नव्हतं. बाहेर ऑटो येऊन उभा राहिला. ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला नाही, नेहमी वाजवतो. पायरीजवळ चप्पल काढून उभा राहिला.

"काय करायचं?" मुलगी म्हणाली.

"दोघांच्याही ओळीत अळणी लिही."

"आणि नसलं तर?"

"भाभीला सांग, मिठाची पुडी वेगळी बांधून टाक. ज्याला हवं तो वरून घालून घेईल."

तिने लिहिलं. मग शीटच्या वरच्या ओळीत जाऊन फिल्टर लावला, खमरिया, अळणी. यादी आली. आता तीत बायका होत्या. भाभी तिच्या ओट्यावर डबे मांडून बसली होती, झाकणं उघडी, आमच्यात फक्त मधली भिंत, कमरेइतकी. मी अलीकडे उभा राहिलो, मुलीने लॅपटॉप धरला.

"पहिले अळणी," मी म्हटलं. "डायलिसिसवाल्या बाई."

"भर दिया."

"दुसऱ्या घरच्या बाई. साहेबांना साधं, पण शुगरचं. बाईंना अळणी."

"उनको भी? दीदी उनको मेरे सामने तो..." ती थांबली. "अच्छा. भर दिया."

असं एकेक. एका ठिकाणी ती चुकीचा डबा उचलत होती, मी बोट दाखवायला हात पुढे केला आणि भिंतीवरच थांबवला. तोंडाने सांगितलं, निळ्या झाकणाचा. तिने निळा घेतला. पिशवी ऑटोत गेली. ऑटोवाल्याने ती दोन्ही हातांनी घेतली. गेला.

धाकटा चहा घेऊन आला तोवर. प्यायलो. लोक यायला लागले होते, पुढच्या खोलीत सतरंजी घातली. कोणी विचारत होतं, कसं झालं, मी सांगत होतो.

मग माझा फोन वाजला. त्या न उचलणाऱ्या घरचे यजमान. डबा पोचला होता.

"अहो, आज काय झालं? दोन्ही डबे अळणी. वर पुडी मिठाची. आमच्याकडे मीठ खातो हो आम्ही दोघं. हिला मध्ये पंधरा दिवस बंद होतं, पाय सुजले होते म्हणून, ते केव्हाच संपलं."

"बरं झालं सांगितलं," मी म्हटलं. "पुडी सोडा आणि घाला."

"बाईंना काही झालं का?"

"हो," मी म्हटलं, आणि सांगितलं.

फोन ठेवून मी सतरंजीवरून उठलो, आत गेलो, शीट उघडली. त्यांच्या दोन्ही ओळींत 'अळणी' खोडून 'मीठ' लिहिलं. सेव्ह केलं. मग आंघोळीला गेलो.